विजयमालाचा पैरा

"कुणी पाठीवलं तुमास्नी?"

मी बांधावरून ओरडलो, तरी चिमणावैनीनं मान वर केली नाही.

बऱ्याच दिवसांनी उघडीप मिळाली होती. रात्रभर वारं सुटलं होतं आणि सकाळी रानाला वापसा आला होता, पाय रुतत नव्हता. भुईमुगात लव्हाळा असा माजला होता की पीक कुठलं आणि तण कुठलं ते कळत नव्हतं. एकट्याच्यानं भांगलण होणार नाही हे दिसत होतं. तरी खुरपं घेऊन मी लवकर आलो, तर माझ्या आधीच बायका रानात. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, ओळीनं पाती धरलेल्या, आणि तोंडं खुरप्यापेक्षा जोरात चाललेली. मी एकीलाही बोलावलं नव्हतं.

"वैनी, मी काय इचारतोय?"

"ऐकू आलं. बहिरी न्हाय मी."

"मग सांगा की, कुणी पाठीवलं?"

"पाठीवतंय कोण? आमचं पाय हाईत की आमास्नी."

"मजुरी कोण देणार हाय?"

"मागितली व्हय तुमास्नी?"

"त्येच म्हणतोय. मागत न्हाईसा, म्हंजे दुसरा कोणतरी देतोय."

बाळाबाई फिसकन हसली. ही सगळ्यांत धाकटी. माझ्या बायकोला आक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी. "दाजी, तुमास्नी आताशा गाईच्या हंबरण्यातबी कुणाचातरी डाव दिसतोय."

चिमणावैनी मग उठून उभी राहिली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "विजाचा पैरा हाय आमच्याकडं. गेल्या साली माझ्या रोपलावणीला आलती, हिच्या शेंगा काढाय आलती. फिटलाय कुटं तो? ती गेली म्हणून बुडवायचा व्हय? सरका बाजूला, पातीत उभं ऱ्हाऊ नगासा."

पैरा मला माहीत होता. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. पैसा नाही, कागद नाही. पण आम्हा बाप्यांचा पैरा बैलांचा असायचा, आणि बैल गेले तसा तोही गेला. बायकांचा अजून चालतो आणि तो त्यांचा त्यांनाच ठाऊक असतो. कोण कुणाच्या रानात कितीदा गेली हे त्या चुलीपुढं, पाणवठ्यावर, दळपाच्या गिरणीत आपापसांत बोलून ठेवतात. घरधन्याला त्यातलं काही सांगायचं नसतं आणि त्यानंही विचारायचं नसतं.

म्हणून मला ते पटलं नाही. मला वाटलं, हे उदयसिंहाचं काम.

उदयसिंह आमच्याच गावचा. त्याचा ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढतो. पौषात माझी बायको विजयमाला डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं घराकडं येत होती. मागून ट्रॅक्टर आला. पुढची ट्रॉली गेली, मागची भरलेली ट्रॉली झोल खाऊन कडेला आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वैरण रस्त्यावर पसरली होती आणि कुणाची तरी म्हैस ती खात होती, एवढं मला दिसलं. बाकीचं लोकांनी सांगितलं.

तिचं दिवसकार्य व्हायच्या आतच उदयसिंह चार शहाणी माणसं घेऊन घरी आला. सोप्यात बसला. माझ्या म्हातारीच्या पायाला हात लावला.

"जोतीरामआण्णा, झालं त्ये वंगाळ झालं. पर गावातल्या गावात मिटवू. कोर्टात गेलासा तर वकील खातोय, इमेवालं खात्यात, तुमच्या हातात टरफलं."

"तुझ्या ट्रॅक्टरचा इमा हाय न्हवं?"

"हाय की."

"मग पैसं इमेवाल्याचं जाणार. तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्यानं पुन्हा म्हातारीच्या पायाला हात लावला. मागाहून कळलं, मागच्या ट्रॉलीची कागदपत्रं धड नव्हती आणि विमा कंपनी उद्या वसुलीला त्याच्याच मानगुटीला बसेल अशी त्याला धास्ती होती. पण तेव्हापासून गावात माझ्याशी कुणी गोड बोललं की मला त्याच्या मागं उदयसिंह दिसायचा.

तर त्या सकाळी मी बायकांना हाकललं नाही, एवढंच. लव्हाळा तर काढायचा होता.

दुपारी मी म्हशीला पाणी पाजायला ओढ्याकडं गेलो. परत येताना लांबून पाहिलं, तर बांधाला मोटरसायकल लावून एक तरणा माणूस बायकांशी बोलत उभा. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चिखलानं बरबटलेले बूट. बायका हसत होत्या. मी पोचेपर्यंत तो गाडीला किक मारून गेलासुद्धा.

"कोण हुता त्यो?"

"पावणा हुता कोणतरी. शेत इकाय हाय का म्हणून इचारत हुता," चिमणावैनी म्हणाली.

"आन् काय इचारलं?"

"घरात कोण कोण हाय, मालकीण कुटं हाय. म्हटलं, देवाघरी गेली."

"आन्?"

"आन् काय न्हाय. कामाला लागा."

तिनं मान फिरवली. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून बोलावणं आलं. उदयसिंहाशी मिटवायचं सोडून मी भरपाईचा दावा लावला होता, त्या वकीलबाई तिथं बसतात. एका बाजूला क्लासची पाटी, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, मध्ये जिना. राजनंदिनी बाई वयानं लहान, पण बोलणं नीट. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडून फीचा एक रुपया घेतला नव्हता. निकाल लागल्यावर बघू म्हणाल्या. त्यामुळं मला त्यांचाही संशय होताच. फुकट तर म्हातारीच्या औषधाची रिकामी बाटलीसुद्धा कुणी देत नाही.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "बाई, माणसाची किंमत करत्यात म्हंजे कशी करत्यात?"

त्या म्हणाल्या होत्या, "माणसाची किंमत कुणीच करत नाही, काका. ती गेल्यामुळं घराचं जे बुडालं त्याची भरपाई असते. तिचं वय बघतात, ती काय कमावत होती ते बघतात, तिच्यावर कोण कोण अवलंबून होतं ते बघतात. घरकामाचीसुद्धा किंमत कोर्ट धरतं. पण बाई शेतात राबत होती हे दाखवता आलं तर जास्त धरतं."

"राबत हुती म्हंजे? दिसत न्हवतं व्हय?"

"तुम्हाला दिसत होतं. कागदाला दिसायला पाहिजे. सातबारा तुमच्या नावावर, डेअरीचं खातं तुमच्या नावावर. तिच्या नावावर काय आहे?"

मी बराच वेळ आठवलं. रेशनकार्डावर होतं तिचं नाव, माझ्या खाली.

आज बाईंनी चष्मा वर सरकवला आणि कंपनीनं कोर्टात दिलेला कागद वाचून दाखवला. कंपनीचा माणूस गावात चौकशीला येऊन गेला होता. त्यानं लिहिलं होतं की शेजारच्या शेतकरी महिलांच्या सांगण्यानुसार मयत स्त्री कधीही कुणाच्या शेतावर कामाला जात नव्हती, घरातच असायची, तिला कष्टाची गरज नव्हती. खाली नाव होतं. चिमणाबाई.

माझ्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं.

"येत्या लोकअदालतीत ते तडजोडीला तयार आहेत," बाई म्हणाल्या. "पण आकडा याच कागदावर धरून देणार. घेतलात तर प्रकरण त्याच दिवशी मिटेल, वर अपील नाही. नाही घेतलंत तर दावा चालेल, वर्षं लागतील."

"बाई, पैसा कमी आला तर चालंल. पर ती बसून खात हुती असं लिवलेल्या कागदाखाली मी सई करणार न्हाय."

"मग लोकअदालतीलाच साक्षीदार आणा. ज्यांनी हे सांगितलंय, त्यांनाच."

गावात उतरलो तो घरी न जाता थेट चिमणावैनीच्या दारात. ती शेणी रचत होती.

"उदयसिंहानं काय दिलं वैनी?"

"काय?"

"तोंड इकलंसा तुमी. किती घेतलासा?"

तिच्या हातातली शेणी खाली पडली. बाळाबाई शेजारच्या दारातून धावत आली. मी रस्त्यातच कागदातलं सगळं घडाघडा बोललो. चार घरांची दारं उघडली.

मग चिमणावैनीचा असा आवाज लागला की मलाच मागं सरकावं लागलं. "व्हय! सांगितलं मी! त्यो परका माणूस इचारतोय, ह्या घरातली बाई रोजगाराला जात हुती का? मी काय सांगू? व्हय बाबा, दारोदार जात हुती, म्हणू? मेल्याव तिची अब्रू काढू? घरंदाज बाई हुती ती. जल्मात कुणाच्या बांधाला रोजगाराला गेली न्हाय. खोटं हाय काय? सांगा, खोटं हाय?"

"आन् तुमच्या रानात येत हुती ती?"

"त्यो पैरा! पैरा म्हंजे रोजगार व्हय? खुळं झालासा काय भावजी?"

बाळाबाई हळूच म्हणाली, "दाजी, आमास्नी वाटलं त्यो शेत घ्याय आलाय. घरची बाई रोजगारी हुती म्हटलं तर भाव पाडंल, आसं वाटलं."

मी उंबऱ्यावर बसलो. राग कुठं ठेवावा कळेना. ह्या बायकांनी तिला मोठी करायला जे सांगितलं त्यानंच ती कागदावर रिकामी झाली होती. आणि मी चिमणावैनीच्या जागी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. आमच्यात कुणीही पावण्याला हेच सांगतं.

"वैनी, कोर्टात येऊन खरं सांगशीला?"

"काय खरं?"

"ती तुमच्या सगळ्यांच्या रानात राबत हुती म्हणून."

चिमणावैनीनं पदर सावरला. "आदी तुमी म्हणा. चार माणसांत. तुमी घरधनी. तुमच्या तोंडातनं आलं तर आमी बोलू. न्हायतर उद्या गाव म्हणंल, बायकांनीच तिला रोजगारी केली."

लोकअदालतीच्या दिवशी कोल्हापुरात झिम्मड पाऊस. कोर्टाच्या व्हरांड्यात लग्नाला असावी तशी गर्दी, ओल्या छत्र्यांचा वास. आत जायच्या आधी मी बघितलं, तर आमच्या वकीलबाई कंपनीच्या वकिलाबरोबर चहा पीत हसत होत्या.  त्या बाजूला झाल्या तसं मी त्यांना गाठलं.

"बाई, तुमी त्येच्यासंगं च्या पिलासा."

"पिला. मग?"

"आमची केस हाय त्येच्यावर."

"काका, उद्या मला दुसऱ्या केसला त्याच्याशीच बोलायचंय. तुम्ही उदयसिंहाच्या गावात राहताच ना? गिरणी एकच आहे ना तुमची?"

पटलं नाही, पण त्यांच्या मागून चालायला लागलो.

आत मोठ्या टेबलापलीकडं जज्जसाहेब, आणि कंपनीच्या वकिलाशेजारी तोच इस्त्रीचा शर्ट. अभिनंदन म्हणून त्याचं नाव होतं. चिमणावैनीनं त्याला बघितलं आणि तिथंच हाक मारली, "काय रं पावण्या, घेतलंस का शेत?"

त्याचे कान लाल झाले. "मावशी, नोकरी आहे माझी."

"आमी कुटं न्हाय म्हटलं? पर खोटं बोलून च्या तरी प्यायचा की आमचा."

जज्जसाहेबांनी हात वर केला. कंपनीच्या वकिलानं कागद पुढं केला, तोच. मयत काही काम करत नव्हती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. चिमणावैनीही माझ्याकडं बघत होती. दारात गावची दोन माणसं उभी होती, त्यांतला एक उदयसिंहाचा भाऊ.

मी उभा राहिलो.  "सायेब, माझी बायकू दुसऱ्याच्या रानात राबत हुती. उनातानात. मला इचारून न्हवं, पर राबत हुती. त्येच्या बदली ह्या बायका माझ्या रानात येत हुत्या. माझं रान तिच्या जीवाव पिकत हुतं."

"पैसे मिळत होते का तिला?" वकिलानं विचारलं.

"न्हाय."

"मग उत्पन्न कुठं आलं?"

आता बायकांना धीर राहिला नाही. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली मी रोपलावणीला नेली, दुसरी म्हणाली माझं बाळंतपण होतं तवा तिनंच पातीला पात लावली, बाळाबाई म्हणाली माझ्या शेंगा तिच्याबिगर पावसात सडल्या असत्या. चिमणावैनीचं आणि तिचं तिथंच जुंपलं, आषाढात विजा आधी कुणाकडं गेली होती यावरून. साहेबांनी दोनदा टेबल वाजवलं. शेवटी आमच्या वकीलबाईंनी मध्ये तोंड घातलं आणि शांतपणे सांगितलं, की आता यांना हीच कामं मजुरीनं करून घ्यावी लागतील, तर ती मजुरी म्हणजेच घराचं बुडालेलं.

कंपनीचा वकील अभिनंदनशी कुजबुजला. बाहेर गेला, फोन केला, परत आला. आकडा वाढला. आम्ही मागितला तेवढा नाही, पण आधीचा मात्र मागं पडला. कागदावर 'शेतकाम व घरकाम' असं लिहिलं. मला वाचता येतं, तरी मी बाईंकडून वाचून घेतलं आणि मग दारातल्या एका परक्या कारकुनाकडूनही वाचून घेतलं. दोघांनी एकच वाचलं. मग सही केली.

सहीच्या आधी एक गोष्ट मात्र डोक्यात बसेना. हिशेबात मध्येच एक तृतीयांश कापलं होतं.

"ह्ये कुणाचं?" मी विचारलं. मला वाटलं, आला कुणाचा तरी हात आत.

"ते सगळ्यांचंच कापतात, काका," बाई म्हणाल्या. "माणूस जे कमावतो त्यातलं काही स्वतःवर खर्च करतो. तेवढं घराला मिळत नव्हतंच, असं धरतात."

"तिसरा हिस्सा? सोतावर?"

"कायदा आहे."

मी अजून काहीतरी बोलणार होतो, पण पुढची केस उभी राहिली होती.

स्टँडवर येईपर्यंत पाऊस थांबला. गावाकडं जाणारी कोडोलीची गाडी लागायची होती. बाकावर बायका ओळीनं बसल्या, पिशव्या मांडीवर. मी त्यांना कापलेल्या हिश्श्याचं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

"म्हंजे विजा तिसरा हिस्सा सोतावर खर्च करत हुती, आसं कोर्टाला वाटतंय?" चिमणावैनीनं विचारलं.

"वाटतंय."

"सोतावर काय खर्च करत हुती ती?"

"तेच मीबी आठवतोय."

"जत्रंत चुडा भराय कासाराम्होरं हात पसरून बसली," बाळाबाई म्हणाली, "आन् दाजींच्या आईचं औशद आनायचं ऱ्हायलंय म्हणून हात मागं घेऊन उठली. कासार मागनं शिव्या देत हुता."

 माझी नजर दावं सुटलेल्या गुरासारखी इकडं तिकडं फिरत होती. समोर एका गाड्यावर भजी तळत होते.

"दाजी," बाळाबाईनं विचारलं, "आमी मेलो तर आमचाबी तिसरा हिस्सा धरत्याल?"

"धरत्याल की. सगळ्यांचा धरत्यात."

"आमच्या मालकास्नी सांगितलं तर ते कोर्टालाच खुळ्यात काढत्याल."

बायका हसल्या. मग बाळाबाई उठली, कमरेची पिशवी चाचपली आणि चालायला लागली.

"कुटं चाललीस? गाडी लागंल," चिमणावैनी ओरडली.

"लागू दे. माझा हिस्सा घेऊन येतो."

तिनं भज्यांची एक बशी घेतली. एकच. आणि बाकावर सगळ्यांच्या मध्ये बसून, कुणाला एक न देता, खायला लागली. मी खिशात हात घालून उठलो, तर तिनं तोंडातला घास न गिळताच हात केला. "न्हाय दाजी. तुमी दिलासा म्हंजे तो तुमचा खर्च झाला."

मग दुसरी उठली. मग तिसरी. शेवटी चिमणावैनी राहिली.

"मला तिखट सोसत न्हाय," ती म्हणाली.

"मग बसा," मी म्हणालो.

ती जरा बसली. मग उठून पलीकडच्या गाड्यावर गेली आणि कुल्फी घेऊन आली.

"ह्या गारठ्यात कुल्फी? घसा धरंल वैनी."

"धरू दे. घसा माझा हाय."

गाडी आली. कंडक्टरनं दारात उभं राहून कोडोली, कोडोली म्हणून दोन हाका दिल्या. एकही बाई उठली नाही. मी त्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो, मीही उठलो नाही. गाडी निघून गेली.